फळीचं नाक

"नाना, देखा तरी! ही फळी पाणीवर चालस का हवामा, तेच समजत नही!"

तलावाच्या मध्यावरून लोटन भोई ओरडला. काठावरच्या निंबाखाली उभ्या असलेल्या तोताराम मिस्तरीने ऐकलंच नाही असं दाखवत बिडी पेटवली. ऐकू मात्र सगळं आलं होतं, आणि दिसतही सगळं होतं. लोटन पालथा पडून दोन्ही हातांनी पाणी मागे सारत होता आणि त्याच्या पोटाखालची ती भिकनने केलेली पांढरी फळी मेहरूण तलावावरून सुळकन पुढे जात होती. बाजूने अभिमन भोई तोतारामच्या हातची सावरीची फळी घेऊन निघाला होता. बिचाऱ्याच्या तोंडाला फेस आला, पण दर हाताला तो थोडा मागेच पडत होता.

"हाऊ भिकन जादूगर शे का काय!" काठावर कुणीतरी म्हणालं.

तोतारामच्या पोटात कळ उठली. मत्सर कुणाला डोक्यात चढतो, कुणाच्या छातीत बसतो. तोतारामला तो बेंबीच्या थोडा वर व्हायचा, रंधा मारताना फळीचं टोक जिथे टेकतं बरोबर तिथे. त्याने बिडी दोन झुरक्यांत संपवली आणि लोटन काठाला लागायच्या आत घराची वाट धरली.

तोताराम मूळचा एरंडोलकडचा सुतार. तरुणपणी जळगावला आला आणि मेहरूणमध्येच राहिला. दारं, चौकटी, बाजा ही कामं तर होतीच, पण त्याचं नाव झालं ते फळ्यांमुळे. तलावात जाळी टाकायला भोयांना काहीतरी तरंगतं लागायचं. होडी परवडायची नाही. ट्रकची ट्यूब बाभळीच्या काट्याने फुटायची. केळीची खोडं बांधून केलेला तराफा फुकट मिळायचा, पण चार दिवसांत पाणी पिऊन सडायचा. तोतारामने सावरीचं लाकूड धरलं. फर्निचरवाला ज्याला हात लावत नाही असं हे काड्यापेटीचं लाकूड, पाण्यावर मात्र गुणाचं. माणसापेक्षा हातभर लांब फळी, पोटाशी फुगीर, शेपटीकडे निमुळती. खालून मधोमध एक उभी पट्टी, म्हणजे वाऱ्याने भरकटत नाही. वरून जवसाचं तेल, खालून डांबर. आणि पुढचं नाक वर उचललेलं.

हे नाक म्हणजे तोतारामचा जीव की प्राण. ते किती उचलायचं याला माप नव्हतं. फार उचललं तर फळी पाणी ढकलत बसते, कमी उचललं तर लाटेत तोंड खुपसते. तोताराम वाकसाने लाकूड तासायचा, मग एक डोळा मिटून शेपटीकडून नाकाकडे बघायचा आणि म्हणायचा, "आजून जरासं." पुन्हा तासायचा, पुन्हा बघायचा. ना दोरी, ना गुण्या. कुणाची चौकट तिरकी बसली की मेहरूणमध्ये लोक म्हणायचे, तोताराम मिस्तरीला बोलवा, त्याच्या डोळ्यातच ओळंबा आहे.

आणि त्याचं कौतुक वर्षातून एकदा सगळ्यांसमोर व्हायचं. श्रावणात रविवारी खानदेशची कानबाई देवी घरोघरी बसते आणि सोमवारी उठते. त्या दिवशी डोक्यावर तिचा पाट घेऊन, वाजतगाजत बाया तलावावर येतात. विसर्जन झालं की भोयांची शर्यत. तलावाच्या मध्यावर बांबू रोवून त्याला नारळ बांधायचा आणि फळ्यांवर पालथं पडून, हातांनी पाणी मारत सुटायचं. जो नारळ घेऊन काठाला पहिला येईल त्याच्या फळीच्या नाकावर तो नारळ फोडायचा. पण गुलाल मात्र पोहणाऱ्याच्या कपाळी नाही, फळी घडवणाऱ्याच्या कपाळी. असा रिवाज मेहरूणच्या भोयांनी कधी पाडला कुणास ठाऊक, पण तो तोतारामला फार म्हणजे फार आवडायचा. इतकी वर्षं त्याच्याशिवाय फळ्या करणारंच कुणी नव्हतं, त्यामुळे गुलाल त्याचाच, ही गोष्ट तो सोयीस्करपणे विसरायचा.

आता भिकन आला होता.

भिकन त्याच्याच गावचा. मिसरूड फुटायच्या आधी तोतारामकडे काम शिकायला आला, त्याच्याच घरात राहिला, त्याच्या बायकोच्या, कुंदाबाईच्या हातचं जेवला. तोतारामच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्यावर त्या घरात हसणं होतं ते ह्या पोराचंच. मग एक दिवस तो वसईकडे फायबरच्या कारखान्यात गेला. पाण्याच्या टाक्या, होड्या असली कामं. तिथे एकदा गोव्याहून एका गोऱ्या माणसाची मोडकी फळी दुरुस्तीला आली. समुद्राच्या लाटेवर हे लोक उभे राहून घसरत जातात, ती फळी. भिकनने तिचं पोट पाहिलं. आत हलका फेस, त्याच्या मधून पाठीच्या कण्यासारखी लाकडाची बारीक पट्टी आणि वरून काचेच्या कापडाची टणक साल. जळगावला परतल्यावर त्याने तसलीच फळी थर्माकोलची केली. एका हाताने उचलावी इतकी हलकी. लाकडाची फळी पावसाळा संपेस्तोवर पाणी पिऊन दुप्पट जड व्हायची. हिला पाणी शिवतच नव्हतं.

"भिकन पेढा दी गया," घरी पोचल्यावर कुंदाबाई म्हणाली. "पहिली फळी लोटनभाऊनी लिधी म्हने. कितला खुशी व्हता पोऱ्या!"

"आते तो पोऱ्या नही ऱ्हायना."

"मन्हासाठे पोऱ्याच शे. ह्याच घरमा भाकरी खायेल शे त्यानी."

"भाकरी बी खादी, आनि ताट बी लयी गया."

"तुमनं ताट आठेच शे," कुंदाबाई शांतपणे म्हणाली आणि ताट पुढे सरकवलं. "जेवा."

ताटात कडेला पेढा होता. खायचा नाही असं ठरवून तोतारामने भाकरी संपवली आणि शेवटी पेढा खाल्लाच. तो फार चांगला होता. त्यामुळे त्याला आणखी राग आला.

लोटन हा भोयांचा म्होरक्या. लोटन जे जाळं घेईल ते बाकीचे घेणार, लोटन ज्या फळीवर बसेल तीच सगळ्यांना हवी असणार. कानबाईच्या सोमवारी लोटन पांढऱ्या फळीवर सुटला आणि जिंकला, की गुलाल भिकनच्या कपाळी. आणि एकदा गेलेला गुलाल परत येत नाही, हे कळायला काही कुणी सांगावं लागत नव्हतं. तोतारामला झोपेतसुद्धा भिकनचं गुलाल लावलेलं कपाळ दिसू लागलं.

मग त्याने एक बेत केला. धुळ्याच्या वखारीत लाकूड बघायला जातो असं सांगून त्याने एस.टी. धरली. जळगावातल्या दुकानात गेलं असतं तर तासाभरात मेहरूणला कळलं असतं. धुळ्याला आग्रा रोडच्या एका दुकानात काचेचं कापड टणक करणारं रेझीन मिळतं असं त्याने ऐकलं होतं.

"काय करायचंय, मिस्तरी?" दुकानदाराने विचारलं.

इथे खरं बोलला असता तर पुढचं टळलं असतं. पण चेल्याची विद्या चोरायला आलेला गुरू खरं कसा बोलणार?

"मोटारसायकलना मडगार्डले भेग पडेल शे."

"मग सोपं आहे. घासून साफ करा, कापड ठेवा, वरून रेझीन ओता. पत्र्याला काही होत नाही."

पत्र्याला काही होत नाही. दुकानदार बोलून गेला आणि तोतारामने ऐकून घेतलं. पत्र्याला होत नाही तर कशाला होतं, हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. रेझीनच्या दोन बाटल्या आणि काचेचं कापड त्याने पिशवीत घेतलं. थर्माकोलचे जाड तुकडे पोत्यात घालून त्याने ते एस.टी.च्या टपावर चढवले आणि सारी वाट पोतं उडून तर जात नाही ना म्हणून खिडकीतून मान बाहेर काढत राहिला.

पुढचे काही दिवस दुपारी पडवीचं दार आतून बंद राहू लागलं. थर्माकोलला रंधा चालेना. त्याचे दाणे उडून भुवयांत बसत. वाकस तर त्याचे लचकेच तोडी. शेवटी करवतीच्या पात्याने कापून आणि पॉलिशपेपरने घासून तोतारामने फळीला आकार दिला. आणि खरं सांगायचं तर काम करता करता तो भिकनला विसरला. लाकडाला गाठ असते, रेषा असते, त्याच्या कलाने घ्यावं लागतं. हे पांढरं पीठ मात्र हात नेईल तिकडे जात होतं. आयुष्यभर डोळ्याला जसं दिसायचं पण लाकडात कधी पुरतं उतरलं नाही, तसं नाक त्या दुपारी उतरलं. तोतारामने एक डोळा मिटला, शेपटीकडून बघितलं आणि आजून जरासं म्हणायला त्याला जागाच सापडली नाही.

कुंदाबाई शेजारी कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू निवडायला गेलेली पाहून त्याने कापड अंथरलं, दोन्ही बाटल्या मिसळल्या आणि ओतलं.

आधी वाटलं, मुरतंय. मग कापड मधूनच खाली बसलं. चुरचुर असा बारीक आवाज येऊ लागला. गुळाच्या ढेपेवर उकळतं पाणी पडावं तसा थर्माकोल आत आत जात होता आणि खाली चिकट, पिवळट राड साचत होती. तोतारामने धोतराच्या सोग्याने पुसायला घेतलं तर सोगाच चिकटला. वास असा, की डोळ्यांतून पाणी यावं. पोट गेलं, शेपटी गेली. नाक शेवटपर्यंत राहिलं होतं.

दाराला बाहेरून धक्का बसला. कडी नीट लागली नव्हती. कुंदाबाई आत आली आणि पदर नाकाला लावून उभी राहिली. तिच्यादेखतच नाकाच्या टोकाला भोक पडलं, ते मोठं झालं आणि टोक आत गेलं.

"कितलं देखणं नाक व्हतं वं माय," ती म्हणाली.

चुलीतली राख आणून तिने त्या राडीवर टाकली, फावडं आणलं आणि दोघांनी मिळून ते सगळं परसात पुरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. माती ओढताना तोतारामला रडू येत होतं, पण ते फळीसाठी की स्वतःसाठी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी भिकन दारात उभा. सायकलला पांढरी फळी आडवी बांधलेली, तोंडभर हसू.

"नाना, आठे रेझीनना वास येस."

"शेजारना टाकीले लायेल शे."

भिकनने मान डोलावली. हे पोर पहिल्यापासून असंच होतं. तोताराम सांगेल ते त्याला खरंच वाटायचं. कुंदाबाईने त्याला चहा दिला आणि पाठ फिरवता फिरवता सहज विचारावं तसं विचारलं, "का रे भिकन, तुना थर्माकोल पघळत नही का त्या रेझीनमा?"

तोतारामने डोळे वटारले. तिने ते पाहिलेच नाहीत.

"पघळस ना अक्का! वसईले मी करी देखं, तं पाणी पाणी व्हई गयं. मंग माले नानानी याद उनी. सांधावर रंग देवाना पहिले नाना काय करेत? कागद चिकाडेत आनि वरथीन सरसना हात मारेत. मी तसंच करं. थर्माकोलवर कागद, वर आपला सुतारना सरस. तो वाळना का रेझीन आत जातच नही." तो तोतारामकडे वळला. "नाना, हाई तुमनीच इद्या शे. बठ्ठासले मी हाईच सांगस."

सरसाचा डबा तोतारामच्या उशाशीच होता. रोज हाताला लागणारा, नखांत वाळून बसणारा सरस. आपलीच वस्तू, आपलीच रीत, आणि ती आपल्याला सुचली नाही, ह्या पोराला सुचली! भिकनने उर्मटपणा केला असता तर तोतारामला बरं वाटलं असतं. त्याने मान दिला, त्यामुळे अंगाचा तिळपापड झाला.

"नाना, एक काम व्हतं." भिकनने फळी सोडून अंगणात दोन विटांवर ठेवली. "ती गोरानी फळी मी अर्धीच देखेल शे. पुढला तुकडा समुद्रमाच गयेल व्हता. म्हनीसन नाकनं काही समजत नही. आते सोमवारले शर्यत. एकदाव तुमना डोळा फिरावा ना हिच्यावर."

तोताराम बाजेवरून उठला. शेपटीशी जाऊन उकिडवा बसला, एक डोळा मिटला आणि पाहिलं.

पापणी लवायच्या आत त्याला सगळं दिसलं. थर्माकोल सपाट येतो, म्हणून नाकही सपाट. सपाट फळी निवांत पाण्यावर भरधाव जाणार, कारण सगळीच्या सगळी पाण्याला टेकते. म्हणून तर लोटन परवा तसा उडत होता. पण श्रावणातला वारा सुटला, तलावावर हातभर लाटा उठल्या, की हे नाक लाटेच्या वर नाही चढणार, खाली शिरणार. लाकडाची फळी जड, ती निदान लाट फोडून तरी निघते. हिला वजन नाही. हिचं नाक खाली गेलं की शेपटी आभाळाला. दोन बोटं, फक्त दोन बोटं उचलायला हवं होतं. खालून कापायचं, वर तुकडा चिकटवायचा, एका दिवसाचं काम.

तोंडात शब्द आला होता. आयुष्यात कुठल्याही फळीकडे बघून तो म्हणाला नाही असं झालं नव्हतं.

"झकास शे," तोताराम म्हणाला. "हात लावू नको."

भिकन त्याच्या पाया पडला आणि शीळ घालत सायकलवरून निघून गेला. तोतारामने मागे पाहिलं तर कुंदाबाई चौकटीला टेकून त्याच्याकडेच बघत होती. मग ती आत गेली आणि भांडी जरा जास्तच आवाज करत घासू लागली.

कानबाईच्या सोमवारी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. दुपारी पाट घेऊन बाया यायला लागल्या तसा पश्चिमेकडून वारा सुटला. तोताराम निंबाखाली उभा होता. पाण्यावर उठणाऱ्या लाटा बघून त्याला मनात कुठेतरी बरं वाटत होतं आणि बरं वाटतंय म्हणून भीतीही वाटत होती.

शर्यत सुटली. लोटन पहिल्यापासून पुढे. काठाजवळच्या आडोशाला पाणी शांत होतं, तिथे पांढरी फळी कुणाच्या बापाला ऐकली नाही. लोटनने बांबूवरून नारळ तोडला तेव्हा अभिमन अजून अर्ध्या वाटेत होता. लोक भिकनला उचलून घ्यायला निघाले. परत येताना मात्र लोटनच्या तोंडावर वारा आला. एक लाट आली, फळी थरथरली. दुसरी आली आणि नाक त्या लाटेत शिरलं. तोतारामला जसं दिसलं होतं अगदी तसंच झालं. शेपटी उभी राहिली, लोटन पुढे फेकला गेला आणि फळी वरून येऊन त्याच्या हनुवटीवर बसली. नारळ सुटून लाटांवर डुचमळत राहिला. अभिमन जड लाकडी फळीवरून लाटा फोडत आला, नारळ उचलला आणि सावकाश काठाला लागला.

ढोल वाजले. सावरीच्या फळीच्या नाकावर नारळ फुटला आणि तोतारामच्या कपाळावर गुलाल आला. एक क्षण, एकच क्षण, त्याला इतकं सुख झालं की पोटातली कळ पार विरून गेली.

लोटन हनुवटीला उपरणं दाबून चिखलात बसला होता. रक्त थांबत नव्हतं. तो रागावला नव्हता, नुसता बुचकळ्यात पडला होता.

"नाना," तो म्हणाला, "भिकननी तुमले दखाडेल व्हती ना फळी?"

ढोलवाल्यांनी नेमके त्याच वेळी हात थांबवले. सगळे तोतारामकडे बघायला लागले. त्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी भिकनच पुढे झाला.

"नानाले दोस नका देवा, लोटनभाऊ. त्यासनी देखी, पन त्यासले दिसनं नही. वय व्हई ऱ्हायनं. मन्हीच चूक शे, नानाले ह्या वयमा तरास दिधा."

"खरं शे," लोटनने मान हलवली. "नानानी नजर आते पहिली नही ऱ्हायनी."

"व्हस बाप्पा आसं," मागून कुणीतरी म्हणालं. "मन्हा आबाले बी आसंच व्हयनं व्हतं."

कुणाच्या आवाजात टोमणा नव्हता. सगळे अगदी मायेने बोलत होते. दिसलं होतं रे, सगळं दिसलं होतं, दोन बोटांचा फरक होता, असं ओरडून सांगावंसं तोतारामला वाटलं. पण मग पुढचा प्रश्न आलाच असता, आणि त्याचं उत्तर लोटनच्या हनुवटीवरून टपटपत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. घामाने गुलाल भुवईवर उतरला होता.

"हां," तो म्हणाला. "आजकाल धुरकट दिसस."

कुंदाबाई बायांमध्ये पाट घेऊन उभी होती. तिने मान खाली घातली.

त्यानंतर कुणी त्याला वाईट वागवलं नाही, उलट जपू लागले. नानाचे आबा कधी झाले ते कळलंही नाही. चौकट बसवायला बोलवायचे आणि तो एक डोळा मिटून बघायला लागला, की घरमालक हळूच खिशातून ओळंबा काढायचा. "आबा, नुसतं देखी लेस," असं म्हणून दोरी सोडायचा. दोरी दरवेळी तोतारामच्याच बाजूने सरळ पडायची. तरी पुढच्या वेळी ती पुन्हा निघायचीच. मग कामंही कमी झाली. भोयांच्या नव्या फळ्या भिकनकडून येऊ लागल्या, कारण पहिली फळी उलटल्यावर भिकन तोतारामच्या जुन्या सावरीच्या फळीशेजारी बसून राहिला होता आणि त्याने तिच्या नाकाचं माप कागदावर उतरवून घेतलं होतं. तोतारामला त्याने विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला पुन्हा कशाला त्रास.

दिवाळीच्या सुमारास भिकन तोतारामला सायकलवर डबलसीट बसवून नवी पेठेत चष्मेवाल्याकडे घेऊन गेला. पैसे आपण देणार म्हणून हट्टच धरला. समोरच्या पाटीवरची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ तोतारामला स्पष्ट वाचता येत होती. भिकन खांद्यावर हात ठेवून उभा होता.

"काय दिसतंय, बाबा?" चष्मेवाल्याने विचारलं.

"वरलं मोठं तेवढं दिसस."

"आणि आता?" त्याने एक भिंग घातलं. पाटी वितळून गेली.

"आते बरं दिसस," तोताराम म्हणाला.

भिकनचा चेहरा खुलला.

तो चष्मा घरी कोनाड्यात असायचा. तोताराम त्याच्याविना विड्या वळायचा, तांदळातले खडे वेचायचा, कुंदाबाईला सुई ओवून द्यायचा. ती सुई घ्यायची आणि शिवायला बसायची. पण अंगणात सायकलची घंटी वाजली, की ती कोनाड्यातून चष्मा काढायची, पदराने पुसायची आणि त्याच्या हातात ठेवायची.

"घाला," म्हणायची. "भिकन उना."

पुढच्या वर्षी कानबाईच्या सोमवारी वारा जास्तच होता. भिकनने निंबाखाली घरून आणलेली खुर्ची मांडली आणि तोतारामला तिच्यावर बसवलं. शर्यतीत आता सावरीची एकच फळी उरली होती, अभिमनची. बाकी सगळा तलाव पांढरा. ढोल वाजले, लोक पाण्याकडे धावले आणि तोताराम एकटा मागे राहिला. घामाने चष्मा नाकावरून खाली घसरला होता. त्याच्या वरच्या काठावरून त्याने पाहिलं.

पार मध्यावर नारळ घेऊन परत वळलेला लोटन होता. हनुवटीवरचा वण उन्हात चमकत होता, तोही तोतारामला दिसला. समोरून लाट आली. पांढऱ्या फळीचं नाक तिच्यावर चढलं, पलीकडे उतरलं आणि पुढच्या लाटेवर पुन्हा चढलं. छान उचललं होतं पोराने. अगदी छान. फक्त डाव्या अंगाला किंचित कमी होतं, म्हणून लोटनला डाव्या हाताने जास्त जोर लावावा लागत होता. आजून जरासं. शब्द ओठांपर्यंत आला. पोटात, बेंबीच्या थोडा वर, जुनी कळ उठली.

भिकन गर्दीतून पळत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि श्वास लागला होता.

"नाना! दिसनं का? नाक देखं का नाकनं कशी लाट काटी?"

तोतारामने बोटाने चष्मा वर सरकवला. तलाव, लोटन, फळी, सगळं पांढऱ्या धुरात गेलं.

"नही रे," तो म्हणाला. "तूच सांग."

भिकन त्याच्या पायाशी उकिडवा बसला, त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि पहिल्यापासून सांगायला लागला. लोटनभाऊ बांबूपाशी पोचला. नारळ तोडला. मग वळला, नाना, मोठी लाट आली, नाक वर चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. आणि तोताराम पाण्याकडे तोंड करून, मान डोलावत, ऐकत राहिला.